गल्ल्यावरचा पडदा कोणाकोणाला दिसतो?

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांच्या दुकानात कॉम्प्युटर आला. कोणत्या कंपनीचा घ्यावा, हिशेबाचे कोणते सॉफ्टवेअर चांगले, बिलाचा प्रिंटर कसा हवा, याची चौकशी सर्वांनी चार ठिकाणी केली. तो दुकानात ठेवायचा कोठे, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. जिथे विजेचे बटण होते तिथे टेबल सरकविले आणि पडदा ग्राहकांकडे थोडा तिरपा करून ठेवला, म्हणजे बिल होताना त्यांनाही दिसावे. यात वावगे असे कोणाला काही वाटले नाही. देवळ्यातील आमच्या दुकानातही असेच झाले, आणि त्याचे नुकसान आमच्यापेक्षा दुसऱ्याच माणसाला सोसावे लागले. ती हकीकत आधी सांगतो.

२०२३ च्या मे महिन्यातील गोष्ट. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आपल्या कसमादे पट्ट्यात लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी एकत्र येतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या दिवशी मुलीचे वडील आमचे जुने गिऱ्हाईक होते. त्यांच्या वडिलांपासूनचे खाते. मुलाकडची सात-आठ माणसे बाकावर बसली होती. साड्या झाल्या, मानपानाचे कापड झाले, टोप्या-टॉवेल झाले, दोनदा चहा झाला. बिल करायला माझ्या मुलाने त्यांचे नाव टाइप केले आणि पडद्यावर मागील येणे उघडले. अडतीस हजार सहाशे चाळीस रुपये, खाली तारखांसह तीन ओळी. माझ्या चष्म्याच्या सोयीसाठी अक्षरे मोठी करून ठेवलेली होती. नवऱ्या मुलाच्या चुलत्यांनी ती वाचली. ते काहीच बोलले नाहीत, फक्त शेजारच्या माणसाला कोपराने खुणावले. मुलीच्या वडिलांनी ते पाहिले. मीही पाहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे आले. मागचे आणि बस्त्याचे, सगळे पैसे रोख मोजून गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाले, "शेठ, खाते बंद करा."

मी म्हटले, "नाना, एवढी घाई कशाला? चाळीतला कांदा निघू द्या."

"कांदा काल दिला," ते म्हणाले.

त्या वर्षी कांद्याची काय अवस्था होती ते आठवून पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव इतके पडले की राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. उन्हाळ कांद्यालाही मे महिन्यात उठाव नव्हता. ज्याची चाळ चांगली होती त्याने कांदा धरून ठेवला, आणि ऑक्टोबरात भाव चढले तेव्हा त्याचे पैसे झाले. नानांनी मे महिन्यातच पडत्या भावात चाळ मोकळी केली. लग्न व्यवस्थित पार पडले, आम्हाला आमंत्रणही आले. पण त्या घरचे कोणी पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढले नाही. कापड सटाण्याहून घेतात असे कळले.

शेतकऱ्याच्या घरी उधारी असणे ही लाजेची बाब नाही. आपल्या भागात सगळा बाजारच पिकावर चालतो. दुकानदार सुरतेच्या व्यापाऱ्याचे देणे लागतो आणि शेतकरी दुकानदाराचे. उधारी सगळ्यांना असते हे सगळ्यांना माहीत असते. परंतु अमुक माणसाची अमुक इतकी, हे त्याच्या नव्या सोयऱ्यांनी मोठ्या अक्षरांत वाचावे, हे वेगळे. ते खाते आमच्याकडे अमानत होते. आम्ही ते कोणाला सांगितले नाही, तरी ते बाहेर गेले.

जुन्या वह्यांना लिपीचा पडदा होता

माझे शिक्षण मालेगावात उर्दू माध्यमात झाले. वडिलांचा रोजनामचा उर्दूत असे. देवळ्याच्या बाजारात ती वही उघडी पडली असती तरी दहांतल्या नऊ जणांना त्यातले अक्षर कळले नसते. शेजारच्या शेठजींच्या वह्या महाजनी वळणाच्या, मात्रा नसलेल्या अक्षरांत. त्या तर त्यांच्या पोरांनाही लागत नसत. त्याआधीची कीर्द-खतावणी मोडी लिपीत. तेव्हा गादीवर बसून, पाठ भिंतीला लावून, वही मांडीवर घेऊन लिहायची पद्धत होती. समोरच्याला दिसायचा तो वहीचा लाल पुठ्ठा. हे सारे कोणी मुद्दाम योजले होते की सवयीने झाले, ते सांगता येणार नाही. परिणाम मात्र असा होता की गिऱ्हाइकाचे खाते फक्त शेठ आणि गिऱ्हाईक या दोघांतच राहत असे.

बोलण्यातही पडदा होता. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांची 'नंदभाषा' जुन्या लोकांनी ऐकली असेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, त्यात ती नोंदलेली आहे. केवली म्हणजे एक, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच, अंगुळू म्हणजे दहा. दोन दुकानदार गिऱ्हाइकासमोर उभे राहून भाव ठरवीत आणि गिऱ्हाइकाला काही कळत नसे. कापडाच्या धंद्यात खरेदीचा भाव चिठ्ठीवर आकड्यांत न लिहिता अक्षरांत लिहिण्याची रीत तर अजून आहे. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा, पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, असे दहाव्यापर्यंत. चिठ्ठी ठाणाला लावलेली असते, ग्राहक ती हातात घेऊन पाहतो, आणि पडता काय हे फक्त विकणाऱ्याला कळते. आमच्या दुकानाचा शब्द वडिलांनी ठरविलेला आहे. तो येथे देत नाही, कारण तो अजून चालू आहे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. झाकून ठेवण्याची ही विद्या नेहमीच इमानाने वापरली गेली असे नाही. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची हत्ता पद्धत गुरांच्या व धान्याच्या बाजारात होती. तीत आडत्या आणि खरेदीदार यांच्यात काय ठरले ते ज्याचा माल त्यालाच कळत नसे. शेतकरी नाडला गेला तो अशाच पद्धतींमुळे, आणि म्हणूनच बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला. महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा आहे. आज उमराण्याला किंवा देवळ्याला कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहिला की भाव मोठ्याने पुकारला जातो, आणि ते तसेच असावे. तेव्हा कोणी असे समजू नये की मी सगळेच झाका म्हणतो. वस्तूवरची छापील किंमत, मापाची पट्टी, बिलावरचा कर हे ग्राहकाला दिसलेच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. झाकायचे ते दुसऱ्या माणसाचे खाते, आपला पडता आणि आपले पासवर्ड.

कॉम्प्युटरने काय केले

कॉम्प्युटरने हिशेब सोपा केला यात शंका नाही. पूर्वी दिवाळीला खतावणी जुळवायला आठ रात्री लागत, आता बटण दाबले की ताळेबंद तयार. पण हे सॉफ्टवेअर बनविणाऱ्याने ते मालकाच्या सोयीचे केले आहे, आणि मालक खोलीत एकटा बसतो असे धरून केले आहे. पार्टीचे नाव टाकताच तिचे येणे-देणे, मागचे बिल, मागच्या वेळचा दर सारे एकदम समोर येते. मालाचे नाव टाकले की साठा दिसतो, आणि सेटिंग तसे असेल तर खरेदीचा दरही. आणि हे सगळे अशा लिपीत, जी चौथीतला मुलगाही वाचतो. पासवर्ड टाकताना तेवढे काळे ठिपके येतात. मालकाचे गुपित झाकायचे हे कॉम्प्युटरला कळते, गिऱ्हाइकाचे झाकायचे हे त्याला कोणी शिकविलेले नाही.

आमचे कारागीर व व्यापारी बांधव चोरीची धास्ती घेतात ती इंटरनेटवरून होणाऱ्या चोरीची. ती धास्ती खरी आहे. परंतु नानांच्या प्रकरणात कोणी चोर नव्हताच. चुलते चहा पीत बसले होते, डोळ्यांसमोर अक्षरे आली, ती वाचली गेली. जर्मनीत म्युनिकच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली या विषयावर १७४ लोकांकडून अनुभव गोळा केले. त्यात असेच आढळले की दुसऱ्याच्या पडद्यावर डोकावणारे बहुतेक लोक अनोळखी असतात आणि कुतूहलाने किंवा कंटाळ्याने पाहतात, वाईट हेतूने फार थोडे. बस किंवा रेल्वेत शेजारी बसलेला माणूस हे त्याचे नेहमीचे उदाहरण. दुकानातला बाक काही वेगळा नाही.

हेतू असणारेही असतात. त्यांची परीक्षा अमेरिकेतील पोनेमन इन्स्टिट्यूटने घेतली. कचेऱ्यांमध्ये एक माणूस तात्पुरता कामगार म्हणून पाठवायचा, त्याने इकडेतिकडे फिरून पडद्यांवरचे आणि टेबलांवरचे जे मिळेल ते पाहायचे, मोबाइलने उघडपणे फोटोही काढायचा. २०१६ साली आठ देशांत अशा १५७ चाचण्या झाल्या, त्यांत भारतही होता. शंभरातल्या ९१ चाचण्यांत त्या माणसाला गुप्त माहिती मिळाली, त्यातली निम्म्याहून अधिक कॉम्प्युटरच्या पडद्यावरून, आणि बहुतेक वेळा त्याला कोणी हटकले नाही. आता या चाचण्यांना पैसा पुरविला तो थ्रीएम या कंपनीने, आणि पडद्याला लावायची फिल्म हीच कंपनी विकते. औषधवाल्याने रोग किती पसरला ते सांगावे, तसा हा प्रकार आहे. आकड्यातले काही वजा करून घ्या. परंतु कोणी हटकले नाही, हे मला पटते. आपल्या दुकानात सुरतेचा दलाल येतो, गल्ल्याजवळच खुर्ची घेतो, नमुन्यांचा गठ्ठा उघडतो आणि बोलता बोलता मान वळवून पडदा पाहतो. दुसऱ्या पार्टीकडून आपण तोच माल कोणत्या दराने घेतला ते त्याला कळले की पुढच्या सौद्यात आपले काही चालत नाही. त्याला "जरा तिकडे बसा" असे कोण म्हणणार? पाहुणा आहे.

कर सल्लागाराच्या कचेरीतही हीच स्थिती. जीएसटीच्या शेवटच्या तारखेला एका टेबलाभोवती सहा दुकानदार उभे असतात आणि पडद्यावर सातव्याची उलाढाल उघडी असते. कोणत्या दुकानदाराने कोणते विवरणपत्र भरले, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून कोणालाही पाहता येते. खरेदी-विक्रीचे आकडे मात्र त्यात दिसत नाहीत. सरकारने जे झाकले ते सल्लागाराच्या टेबलावर उघडे पडते. आपण आपले काम सांगताना तेवढे म्हणावे की माझे उघडाल तेव्हा इतरांना बाहेर बसवा. सल्लागार रागावत नाहीत, त्यांच्याही ते लक्षात आलेले नसते.

आम्ही काय केले

पहिला उपाय फुकटाचा होता. टेबल फिरविले. आता माझी पाठ भिंतीला आहे आणि पडद्याची पाठ ग्राहकाला, म्हणजे वडिलांच्या गादीसारखेच. पण कापडाच्या दुकानात एक अडचण असते ती इतर धंद्यांत नसते, ती म्हणजे आरसे. साडी अंगावर लावून पाहायला समोर मोठा आरसा, बाजूला दुसरा. टेबल फिरविल्यावर पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले की माझ्यामागच्या आरशात पडदा उलटा पण स्वच्छ दिसतो. आकडे उलटे वाचायला फारशी विद्या लागत नाही. दिवे लागल्यावर शोकेसची काचही तेच करते. आरसा सरकविला, काचेच्या कपाटाला आतून कापड लावले. ज्यांना आपल्या दुकानाची परीक्षा घ्यायची असेल त्यांनी कॉम्प्युटर चालू ठेवून ग्राहकाच्या बाकावर पाच मिनिटे बसावे, दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा. मग दारातून आत येऊन पाहावे.

ग्राहकाला बिल दिसले पाहिजे ही गरज खरीच आहे. त्यासाठी वेगळा लहान पडदा मिळतो. त्यावर फक्त चालू बिलाच्या रकमा दिसतात, मागचे काही दिसत नाही. तो घेणे परवडत नसेल तर बिलाची छापील प्रत आधी हातात द्यावी आणि मग पैशाचे बोलावे. मागच्या येण्याची गोष्ट काढायचीच असेल तर ती बस्त्याच्या दिवशी काढू नये, हे काही मी सांगायला नको.

खात्यांची नावेही आम्ही बदलली. यादीत आता पूर्ण नाव नाही. गावाचे पहिले अक्षर आणि एक नंबर आहे. नावांची वही कुलपात. बिलावर नाव छापावे लागते तिथे ते शेवटी टाकतो. माझ्या मुलाला हा प्रकार प्रथम मागासलेला वाटला. कॉम्प्युटर असताना वही कशाला, असे त्याचे म्हणणे. त्याच्याशी वाद घालावा लागला नाही, नानांचे नाव काढले तेवढे पुरले.

टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामगाराला वेगळे नाव आणि पासवर्ड देऊन त्याला काय दिसावे, काय दिसू नये ते ठरविता येते. बिल करणाऱ्या मुलाला बिलाचे पान पुरे. पडता, नफा, पार्ट्यांचे येणे-देणे त्याला दिसण्याचे कारण नाही. ही सोय बहुतेकांनी पैसे भरून घेतलेली असते आणि कधी चालू केलेली नसते. सॉफ्टवेअर बसविणारा जो मुलगा येतो त्याच्याकडून अर्ध्या तासात होते.

आणि उठताना कुलूप. जोहरच्या नमाजाला जायचे म्हणून आपण गल्ल्याची चावी खिशात टाकतो आणि पडदा तसाच उघडा ठेवून निघतो. विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि इंग्रजी एल अक्षराचे बटण एकदम दाबले की पडदा बंद होतो आणि पासवर्डशिवाय उघडत नाही. विसरभोळ्यांसाठी, मीही त्यातला, कॉम्प्युटरलाच सांगून ठेवता येते की दोन मिनिटे कोणी हात लावला नाही तर आपोआप बंद हो.

मग राहिली ती फिल्म. पडद्यावर लावायची ही काळसर फिल्म म्हणजे खिडकीच्या चिकेसारखाच प्रकार आहे. तिच्या आत केसाहून बारीक उभ्या पट्ट्या असतात. सरळ समोर बसणाऱ्याला पट्ट्यांच्या फटीतून सगळे दिसते. बाजूने, साधारण तीस अंशांच्या पलीकडून पाहणाऱ्याला पट्ट्यांची बाजू आडवी येते आणि पडदा काळा दिसतो. एचपी कंपनीने २०१६ साली ही सोय काही लॅपटॉपमध्ये बटणावरच दिली होती. उपयोग होतो, पण मर्यादाही जाणून घ्याव्यात. ठीक पाठीमागे उभा राहणाऱ्याला ती अडवीत नाही. उजेड कमी होतो, त्यामुळे माझ्या वयाच्या माणसाला डोळे ताणावे लागतात. आणि मापाच्या बाबतीत फसगत होते. आम्ही पडदा तिरका मोजून १९ इंची फिल्म आणली ती दोन बाजूंनी कमी पडली, कारण जुना १९ इंची पडदा चौकोनी असतो आणि नवा लांबट. इंच तेच, आकार वेगळा. रुंदी व उंची दोन्ही मोजून न्यावी. ज्याचे टेबल भिंतीला लागले आहे आणि आरसे आवरले आहेत त्याला फिल्मची फारशी गरज नाही असे माझे मत झाले. ज्याचे दुकान दोन्ही बाजूंनी उघडे आहे किंवा जो कचेरीत चौघांच्या मध्ये बसतो, त्याने मात्र अवश्य घ्यावी.

हातातला लहान पडदा

मालेगावच्या चहाच्या हॉटेलांत सुताचे आणि ग्रे कापडाचे सौदे ऐकतच आम्ही मोठे झालो. तिथे पूर्वी लोक कानाशी लागून बोलत. आता तेच व्यापारी मोबाइल टेबलावर उताणा ठेवतात. पाली-बालोतऱ्याच्या पार्टीचा दर व्हॉट्सअॅपवर येतो, फोन उजळतो, आणि संदेशाची पहिली ओळ शेजारच्या लूमवाल्याला आपल्याआधी वाचायला मिळते. बँकेचा ओटीपीही असाच कुलूपबंद फोनवर झळकतो. फोनच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनचा मजकूर झाकण्याची सोय आहे. संदेश आला एवढेच कळते, काय आला ते उघडल्यावर. तोपर्यंत फोन पालथा ठेवणे हा गरिबाचा उपाय.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप उघडून ठेवणारे फार आहेत. ऑर्डरचे फोटो मोठे दिसतात म्हणून सोयीचे पडते. पण त्याच पडद्यावर घरच्या बायकांचे संदेशही येतात, हे एकदा मनात आणून पाहा. काम झाले की तिथून बाहेर पडावे, आणि फोनमधील जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून तपासावी.

आमच्या शिवणकाम करणाऱ्या भावांसाठी हा भाग अधिक नाजूक आहे. बायकांची मापे पूर्वी वहीत असत, आता मोबाइलमध्ये असतात. ब्लाउजचा नमुना म्हणून गिऱ्हाईक स्वतःचा किंवा मुलीचा फोटो पाठवते. एक नमुना दाखवायला फोन दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला की ते बोटाने पुढचा फोटोही सरकविणारच. दाखवायचे नमुने वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्यतो वेगळ्या जुन्या फोनमध्ये ठेवलेले बरे.

पैसे घेतानाची गोष्ट सांगून पुरे करतो. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आता भाजीवालीही कोड लावून बसते. ग्राहक पिन टाकीत असताना आपण काऊंटरपलीकडून त्याच्या बोटांकडे बघत असतो. हेतू एवढाच की पैसे आले की नाही. नजर साउंड बॉक्सकडे ठेवावी, तो बोलतोच. तोही जरा हळू बोलेल असा ठेवावा. वीस हजार मिळाले हे चौकापर्यंत ऐकू जाण्याची गरज नाही. खेड्यातली म्हातारी माणसे फोन आपल्या हातात देऊन म्हणतात, "तुम्हीच टाका भाऊ, नंबर अमुक आहे." विश्वासाने म्हणतात, म्हणूनच नाही म्हणावे. उद्या त्यांच्या खात्यातून कोणीही पैसे काढले तरी नंबर माहीत असलेला माणूस आपणच. असे काही घडलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

कायद्याचेही एक सांगून ठेवतो. लोकांची जी माहिती आपण कॉम्प्युटरमध्ये ठेवतो तिच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांना समोर ठेवून लिहिलेला आहे, देवळ्याच्या कापड दुकानदाराने त्याने झोप उडवून घेऊ नये. पण खाते उघडे पडू देणे ही आता फक्त शरमेची बाब राहिलेली नाही, एवढे खरे.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी आमच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले. चोरीच्या भीतीने गल्ल्याच्या ठीक वर लावलेला आहे. त्यात ग्राहकांचे हात, फोन आणि पिन टाकणारी बोटे इतकी स्पष्ट दिसत होती की एका बाईंचे चारही आकडे मी बसल्या जागी वाचले. माझा कॉम्प्युटरचा पडदाही त्यात पूर्ण होता. आणि हे चित्रण मुलाच्या फोनवर, शिवाय कॅमेरा बसविणाऱ्याने दिलेल्या जुन्याच पासवर्डवर चालत होते. दुसऱ्या दिवशी शिडी आणून कॅमेरा दाराकडे वळविला आणि पासवर्ड बदलला. आता त्यात येणारा-जाणारा दिसतो, गल्ल्याची फक्त कड दिसते. ते सर्व जुने चित्रण पुसून टाकायचे राहिले होते, ते काल पुसले.